तळटिपेतलं नाव

सेवेरिन होलुबोविचला एका गोष्टीचा भारी अभिमान होता आणि तीच गोष्ट त्याच्या मुळावर आली. त्याच्या पिढीतले संगीतकार उन्हाळ्यात टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून खेड्यापाड्यांत हिंडत, म्हाताऱ्यांकडून गाणी गोळा करत, आणि हिवाळ्यात कीवमध्ये बसून त्या गाण्यांना तीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपी दरबारी संगीताचे कपडे चढवत. घाट जुना, चाल शेतातली, वर जरासा आजचा तिखटपणा. अशा संगीताला तेव्हा मान होता, आणि मुख्य म्हणजे त्यात धोका नव्हता. परदेशी चाळे नाहीत, शब्द नाहीत, कोण काय म्हणणार? पण बाकीचे लोक चाल उचलत आणि ‘लोकगीतावर आधारित’ एवढं लिहून मोकळे होत. सेवेरिनला ती उचलेगिरी वाटे. तो पानाच्या तळाशी बारीक अक्षरात सगळं लिही: गाणाऱ्या बाईचं नाव, तिच्या बापाचं नाव, जन्मसाल, गाव, महिना. ज्याचं त्याला दिलंच पाहिजे, असं तो म्हणायचा, आणि म्हणताना जरा छाती काढायचा.

सोव्हिएत राजवटीतलं एकोणीसशे बहात्तर साल होतं. जानेवारीत शहरात धरपकड झाली होती. कवी, मास्तर, भाषांतरकार, एकेक करून घरातून उचलले गेले होते, आणि एप्रिल उजाडला तरी माणसं जिन्यात भेटली की फक्त हवापाण्याविषयी बोलत.

अशा एका मंगळवारी दुपारी कीलिनामावशी त्याच्या दारात उभी राहिली. मावशी म्हणजे काही सख्खी नव्हे. निम्म्या शहराच्या संगीताच्या वह्या तिच्या हातच्या होत्या. संगीतकाराच्या मूळ हस्तलिखितातून व्हायोलिनची वेगळी, चेलोची वेगळी, अशी एकेका वाद्याची वही ती टाकाने उतरवून द्यायची. साठी उलटली होती, पण अक्षर मोत्यासारखं. सेवेरिनच्या नव्या कॉन्चेर्तोचे, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या रचनेचे, चार भाग तिच्याकडे होते आणि गुरुवारी अकरा वाजता संगीतकार संघात त्याची पारख व्हायची होती. संघाने पसंत केलं तर रचना वाजणार, नाहीतर कपाटात जाणार.

“हे घे, पहिला, दुसरा आणि चौथा,” तिने टेबलावर गठ्ठा ठेवला. “तिसरा लिहिला नाही.”

“का? शाई संपली का मावशी?”

“थट्टा पुरे. रेडिओ लाव.”

“आता रेडिओवर बिटाच्या लागवडीचा कार्यक्रम असतो.”

“मग लागवड ऐकू. मोठ्यानं लाव, भिंतींना कान असतात.”

बिटाचा तज्ज्ञ खोलीभर बोलू लागला तेव्हा ती त्याच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसली. “तिसऱ्याची चाल तुला कुणी दिली?”

“तळाशी लिहिलंय की. लिस्किव्का गावची गापका आजी. गेल्या ऑगस्टमध्ये गेलो होतो, एक दुपारभर. सगळं गाव शेतात आणि ती एकटी अंगणात. चेरी भरून उकडलेले वारेनिकी खाऊ घातले तिनं मला, पोट फुटेस्तोवर. कापणीचं गाणं आहे ते. शेवटची पेंढी घरी नेताना म्हणतात ना, ते.”

“आणि शब्द?”

“विसरली. दात गेले तसे शब्दही गेले, म्हणाली. नुसतं गुणगुणली.”

“किती वेळा?”

सेवेरिनचा चेहरा उजळला. हाच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून तो महिनाभर वाट पाहत होता. “तेवीस! थांबेचना. तिथेच मला सुचलं की याची पासाकाल्या करायची. खाली तीच चाल पुन्हा पुन्हा, अगदी जशीच्या तशी, आणि वर दरवेळी नवीन काहीतरी. जुनी मंडळी करायची तसं. आणि मीही तेवीसच वेळा घेतली. ना एक कमी, ना एक जास्त.”

“शहाणाच आहेस,” कीलिनामावशी म्हणाली, पण आवाजात कौतुक नव्हतं. “अरे, ती शब्द विसरलेली नाही. माझं माहेर तिथून तीन कोसांवर. कापणीचंच गाणं होतं ते, तेहेतीस साल येईपर्यंत.”

सेवेरिनने रेडिओ आणखी मोठा केला. तेहेतीस सालाविषयी तो ऐकून होता, म्हणजे घरात मोठी माणसं बोलता बोलता एकदम थांबत तेवढं. सरकारी पुस्तकांत त्या सालाविषयी काही नव्हतं. घराघरांतून धान्य काढून नेलं, शेवटी भाकरीचा तुकडाही ठेवला नाही आणि गावंच्या गावं उपाशी मेली, असं जो म्हणेल तो राज्याची बदनामी करतो, असा कायदा होता. त्या बदनामीला सात वर्षांची सक्तमजुरी होती.

“मूळ गाण्यात काय होतं?” मावशी कुजबुजत होती. “शेवटची पेंढी घरी चालली, धनी, दार उघडा. असंच काहीतरी. त्या साली पेंढी कुठली? गाडी यायची सकाळी, मेलेल्यांना न्यायला. तेव्हा बायकांनी पेंढीच्या जागी घराचं नाव घातलं. ओखरीमचं घर चाललं, दार लावून घ्या. मग पुढच्या कडव्यात पुढचं घर. जशी गल्ली होती तशी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तुझ्या गापका आजीच्या गल्लीत तेवीस घरं गेली असतील. तिनं तुला एकेक करून सगळी दाखवली, आणि तू चेरी खात मोजत बसलास.”

सेवेरिनने टेबलावरचा गठ्ठा स्वतःकडे ओढला. तो म्हणाला, “पण माझ्यात शब्द नाहीत मावशी. नुसते स्वर आहेत. कुणाला काय कळणार?”

“त्या सगळ्या टापूत ही चाल माहीत आहे. कुणी गात नाही, पण माहीत आहे. गुरुवारी सभागृहात आमच्याकडचे कितीजण असतील, आहे हिशेब? त्यातल्या एकानं जरी तोंड उघडलं तरी पुढचा प्रश्न एकच, ही चाल तुला शिकवली कुणी? आणि त्याचं उत्तर तू आधीच देऊन ठेवलंयस. नाव, बापाचं नाव, गाव. त्यांना शोधायचे कष्टसुद्धा ठेवले नाहीस रे पोरा.”

हस्तलिखिताच्या पाच प्रती शुक्रवारीच संघात पोचल्या होत्या. पाची प्रतींत तिसऱ्या भागाच्या पहिल्या पानावर, तळाशी, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: अगाफिया ओनिसिमिव्ना शुल्झिक, जन्म १९०१. गापका आजीचं हे कागदोपत्री नाव.

बुधवारी सकाळी दार उघडायच्या आत तो संघाच्या पायऱ्यांवर हजर होता. उपाध्यक्ष वादिम हेरासिमोविच कोर्झ हा मोठा गोड माणूस. त्याने कुणावर आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता, आणि म्हणूनच की काय, त्याच्या दारावर टकटक करण्याआधी भलेभले कोटाची बटणं तपासून बघायचे. त्याने सेवेरिनला बसवलं, लिंबू घातलेला चहा मागवला, बायकोच्या तब्येतीची चौकशी केली. सेवेरिनचं लग्न झालेलं नव्हतं.

“वादिम हेरासिमोविच, तिसरा भाग मागे घ्यावा म्हणतो,” सेवेरिन म्हणाला. “कच्चा राहिलाय.”

“कच्चा? अहो, पाचजणांनी वाचला, पाचही खूश आहेत. आता तुम्ही मागे घेतलात तर प्रत्येकजण विचारणार, का बरं मागे घेतला असेल? लोकांच्या डोक्यात उगाच नाही नाही ते येतं, होलुबोविच.”

बोलता बोलता त्याची बोटं टेबलावर संथ ताल धरत होती. सेवेरिनने तो ओळखला. तिसऱ्या भागाचीच चाल होती. बोटं चालता चालता शेवटून दुसऱ्या स्वराच्या आधी क्षणभर थांबली आणि मग पुढे गेली. सेवेरिनने चहाचा पेला खाली ठेवला. त्या जागी गापका आजी श्वास घ्यायची. पण तो श्वास त्याने कागदावर उतरवलाच नव्हता, कुठल्याच प्रतीत नव्हता.

“सुरेख आहे,” कोर्झ म्हणाला. “माझं बालपण तिथून फार लांब गेलेलं नाही. आणि तुम्ही नावगाव किती चोख लिहिलंत! असा प्रामाणिकपणा हल्ली दिसत नाही. म्हणूनच आम्ही गाडी पाठवली.”

“गाडी? कुठे?”

“लिस्किव्काला. आजींना आणायला. उद्या त्यांच्यासमोरच वाजवा की. लोकांची कला लोकांनी ऐकावी. चहा घ्या, निवतोय.”

कीलिनामावशीच्या स्वयंपाकघरात त्या संध्याकाळी बिटाचं सूप, बोर्श्च, निवत पडलं होतं आणि कुणी त्याला हात लावत नव्हतं. नळ धो धो सोडलेला होता. सेवेरिनला सुचत होतं ते सगळं निरुपयोगी होतं. आजारी पडावं, तर वाजवायला दुसरे होतेच. आजीला गाठावं, तर ती कुठल्या हॉटेलात, कुणाच्या पहाऱ्यात, काही पत्ता नाही.

“एकच वाट आहे,” मावशी म्हणाली. “चाल माझी आहे म्हण. मीच रचली, मी त्या गावाला कधी गेलो नाही, नाव कुठल्यातरी जुन्या यादीतून उचललं. रचना भारदस्त दिसावी म्हणून तळटीप ठोकून दिली.”

“मावशी, बनावट लोकगीत! आमच्यात याच्याइतकी नाचक्की नाही. कुणी दारात उभं करणार नाही मला.”

“नाचक्की झालेला माणूस आपल्या घरी झोपतो.”

“पण ती तिथेच बसलेली असणार. तिच्या तोंडावर म्हणू, की हे माझं? तिला वाटेल मी चोरलं.”

“वाटू दे. तिचं काय काय चोरीला गेलंय, त्यात हे एक आणखी.” मावशीने हात पुढे केला. “टेप आण इकडं.”

टेपची चकती त्याच्या पिशवीतच होती. जगात तेवढी एकच होती. त्याने ती बाहेर काढली, टेबलावर ठेवली, आणि त्याच्याने पुढे काही होईना. शेवटी मावशीनेच कागद कापायची कात्री घेतली. चर्रचर्र करत तिने तासभर ती तपकिरी फीत बोटाएवढ्या तुकड्यांत कापली, आणि सेवेरिन समोर बसून लहान मुलासारखा रडला. मावशी रडली नाही. तिने तुकडे बटाट्याच्या सालींत मिसळून कचऱ्यात टाकले.

गुरुवारी अकराला सभागृह भरलेलं होतं. व्यासपीठावर दोन पियानो. एकावर सेवेरिन, दुसऱ्यावर त्याचा एक सहकारी. अशा पारखेला वाद्यवृंद नसतो, दोन पियानोंवरच सगळं ऐकवायचं असतं. मागच्या रांगेत, कातडी जाकीट घातलेल्या ड्रायव्हरच्या शेजारी, गापका आजी बसली होती. पांढराशुभ्र रुमाल डोक्याला, दोन्ही हात मांडीवर. सेवेरिनला बघून तिचा चेहरा फुलला. त्याने झटकन नजर वळवली, आणि वळवताना त्याला स्वतःची शिसारी आली.

पहिले दोन भाग पार पडले. लोक खुर्च्यांत सैलावले, कुणीतरी खोकलं. मग तिसरा सुरू झाला.

डाव्या हाताने त्याने ती चाल घेतली आणि पहिल्याच फेरीत त्याला कळलं की आपण आता हे संगीत म्हणून वाजवू शकत नाही. एक घर. दुसरं घर. उजव्या हातात त्याने महिनोन्‌महिने घासून घडवलेली नक्षी होती, अनुकरणं होती, जुन्या थाटाच्या लपेटी होत्या, आणि त्या सगळ्या दाराला लावलेल्या तोरणासारख्या वाटत होत्या. खाली गाडी चालली होती. नवव्या फेरीला दुसऱ्या रांगेतल्या म्हाताऱ्या चेलोवादकाने चष्मा काढून खिशात ठेवला. चौदाव्या फेरीला सेवेरिनने चुकून वर पाहिलं, तर ग्रंथालयातल्या बाईंचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, नुसते ओठ. त्यांच्या दोन खुर्च्या पलीकडे आणखी एकाचे. कोर्झ समोर प्रत उघडून बसला होता आणि त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. एवढी भीती सेवेरिनला आयुष्यात वाटली नव्हती. हात आपले आपण चालले होते म्हणून निभावलं.

चौथाही वाजवून झाल्यावर टाळ्या पडल्या, पण बेताच्या. एक समीक्षक उठून घाटाच्या शुद्धतेविषयी बरंच बोलला. त्याला काहीच कळलेलं नव्हतं, देवाची कृपा. मग कोर्झ उभा राहिला.

“तिसऱ्या भागाविषयी एक साधा प्रश्न. मूळ गाण्याला शब्द असतीलच. काय आहेत?”

सेवेरिन पियानोवरून उठून उभा राहिला.

“शब्द नाहीत,” सेवेरिन म्हणाला. “मूळ गाणंच नाही. चाल माझी आहे.”

“तुमची?”

“मी रचली. तळटीप खोटी आहे. मी त्या गावाला गेलेलोही नाही. एका जुन्या यादीतून नाव उचललं. वाटलं, लोकगीत म्हटलं की पसंत पडेल.”

मग जो गलका झाला! लोकांच्या नावावर बनावट माल खपवता? लाज नाही वाटत? ज्यांनी स्वतः कधी कुणाचं नाव लिहिलं नव्हतं तेच सगळ्यात मोठ्याने ओरडत होते. कोर्झने हात वर केला तेव्हा सगळे थांबले. तो सेवेरिनकडे बघतच नव्हता. तो मागच्या रांगेकडे बघत होता.

“आजींनाच विचारू. अगाफिया ओनिसिमिव्ना, या गृहस्थांना तुम्ही कधी पाहिलंय?”

गापका आजी सावकाश उठली. तिने सेवेरिनला नखशिखांत न्याहाळलं. ओळखीची एक रेषसुद्धा तिच्या तोंडावर उरली नव्हती. मघाशी फुललेला चेहरा हाच होता का, असा त्यालाच प्रश्न पडला.

“नाही बाई,” ती म्हणाली. “एवढा झिपरा माणूस अंगणात आला असता तर कुत्र्यानं सोडला नसता, आणि मी विसरले नसते.”

कुणीतरी फिसकन हसलं.

“आणि हे गाणं? तुमच्याकडचं आहे?”

“हे?” आजीने नाक मुरडलं. “असलं रडगाणं आमच्याकडं कोण गातं, साहेब? कापणीला हे म्हटलं असतं तर घोड्यांनी जागच्या जागी बसकण मारली असती. वर ब्रिगेडवाल्या मुकादमानं आमची मजुरी कापली असती, ती वेगळीच.”

सगळं सभागृह हसलं. नको इतकं हसलं. ग्रंथालयातल्या बाई तर हसताना डोळे पुसत होत्या. कोर्झही हसला. त्याला आणखी विचारायचं होतं हे त्याच्याकडे पाहून दिसत होतं. पण पुढचा प्रश्न विचारायचा, तर ते शब्द आपल्याला ठाऊक आहेत हे त्याला आधी कबूल करावं लागलं असतं, आणि तेवढा वेडा तो नव्हता.

इतिवृत्त लिहिलं गेलं. लिस्किव्का गावात असं कोणतंही गाणं अस्तित्वात नाही. आजीने चष्म्याशिवाय, ठसठशीत अक्षरात, त्याखाली सही केली. चाल संगीतकाराची स्वतःची, खोट्या तळटिपेबद्दल त्याला कडक समज, रचना मंजूर. मग कोर्झने पाची प्रती सेवेरिनपुढे मांडल्या आणि स्वतःचं पेन उघडून दिलं.

“तुमच्या हातानं खोडा. नीट, वाचता येणार नाही असं.”

सेवेरिन खोडत होता. कोर्झ त्याच्या खांद्याशी वाकला आणि नेहमीच्या गोड आवाजात म्हणाला, “छान जमलं हो तुम्हा दोघांना. डिसेंबरात मोठा समारंभ आहे. राज्याच्या थोरवीवर एक समूहगान लागेल. तुम्ही नाही म्हणणार नाही, ते मला माहीत आहे.”

“नाही म्हणणार,” सेवेरिन म्हणाला, म्हणजे हो म्हणाला.

तो अंगणात आला तेव्हा मोटार फाटकाशी उभी होती. ड्रायव्हर बॉनेटला टेकून सिगरेट ओढत होता आणि आजी मागच्या सीटवर, काच खाली करून, समोर बघत बसली होती. मांडीवर फडक्यात बांधलेली, पावाची आणि डुकराच्या चरबीची शिदोरी होती. सेवेरिनला वाटलं, जवळ जावं, एवढंच म्हणावं की आजी, मी चोरलं नाही. कीलिनामावशीने सांगितलेलं सगळं विसरून तो चार पावलं पुढे गेलाही.

ड्रायव्हरने सिगरेट तोंडातून काढली. “काय हो? आजी ओळखीच्या वाटतं?”

प्रश्न साधाच होता. विचारणाऱ्याचे डोळे मात्र साधे नव्हते. आजीने मान वळवून सेवेरिनकडे पाहिलं. ती उत्तराची वाट पाहत होती, आणि तिच्या हाताची बोटं फडक्याच्या गाठीवर पांढरी पडली होती. त्या दुपारी तिने त्याच्या ताटलीत तिसऱ्यांदा वाढलं होतं, खा रे, हाडं दिसतायत तुझी, म्हणत. 

“नाही,” तो म्हणाला.

गापका आजीची बोटं सैल झाली. तिने अगदी किंचित मान डोलावली. पोराने बरोबर उत्तर दिलं होतं. ती स्वतः गेली एकोणचाळीस वर्षं, विचारणाऱ्या प्रत्येकाला, आपल्या मेलेल्या माणसांविषयी हेच उत्तर देत आली होती आणि म्हणून ती जिवंत होती.